चारशेवा फॉर्म

ताईने 'हो' म्हणायला दोन सेकंदसुद्धा घेतले नाहीत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

तिचा धाकटा भाऊ टिल्लू सकाळीच तिच्या खोलीवर आला होता. टिल्लू हे नाव रांगत होता तेव्हाचं. आता गडी सहा फुटांवर गेला, ताईच्या दारातून आत येताना वाकावं लागतं, तरी टिल्लू तो टिल्लूच. चहाचा कप हातात घेऊन तो नुसता ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती, तरी याचं आपलं चालूच. शेवटी एकदाचा बोलला, "ताई, पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. मी आणि दाढी."

दाढी म्हणजे त्याच्या वर्गातला, तीन वर्षं वसतिगृहात त्याच्याच खोलीत राहणारा मुलगा. दोघांचं काय आहे ते ताईने केव्हाच ओळखलं होतं, पण त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी लग्न करायला कायद्याने मोकळीक मिळून दोन वर्षं होत आली होती. आता कायदा झाला म्हणजे आई-बाबाही राजी झाले असं थोडंच असतं!

"नोंदणीला दोन्ही बाजूंनी एकेक साक्षीदार लागतो," टिल्लू म्हणाला. "माझ्या बाजूने तू सही करशील? आणि आई-बाबांना सांगेन तेव्हा शेजारी बसशील? बोलू नकोस, नुसती बस."

"अरे वेड्या, हे काय विचारणं झालं? मी आहे ना!"

हे म्हणताना ती खोटं बोलत नव्हती, अगदी मनापासून म्हणाली. टिल्लूला भरून आलं. "आलोच," म्हणून तो फोन घेऊन बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा लहानपणी सहलीला निघताना व्हायचा तसा झाला होता. मग दोघं कामाला बसले.

काम काय, तर ताईच्या प्रबंधाचं. विषयही बघा कसा: 'विद्यापीठातील विद्यार्थ्यांची समलिंगी विवाहाबद्दलची मतं'. चारशे फॉर्म, प्रत्येकात बावीस वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात मान्य नाही, पाच म्हणजे पूर्ण मान्य, तीन म्हणजे सांगता येत नाही. आपल्याला पटेल त्या आकड्याला गोल करायचा. फॉर्मवर नाव लिहायचं नाही. टिल्लू आकडे वाचणार आणि ताई कॉम्प्युटरवर टाकणार.

"एक, पाच. दोन, पाच. तीन, चार..." टिल्लू वाचत होता. दुपारपर्यंत त्याचा घसा बसला, पण थट्टा काही थांबेना. खाली कोणी मत लिहिलेलं असलं की ते तो साभिनय वाचून दाखवायचा. "हा ऐक. 'ज्याला करायचं त्याने लग्न करावं, मला परीक्षा आहे.' आणि ही बाई काय म्हणते बघ, 'लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते, या वाक्याला पाचाहून मोठा आकडा का दिला नाही?'"

ताई पोट धरून हसली. पण एकोणिसाव्या वाक्याला हसू थांबायचं. एकोणिसावं वाक्य असं होतं: 'माझ्या सख्ख्या भावाने किंवा बहिणीने असं लग्न केलं, तर मी त्या लग्नाला जाईन.' तोवर भराभर पाच-पाच देणारी पोरं इथे आली की धाडकन दोनवर उतरायची.

"परक्याच्या वरातीत नाचायला सगळे तयार," टिल्लू म्हणाला.

"ढोंगी मेले," ताई म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला आठवलं.

तिच्या विभागातल्या मॅडमचा एक शिरस्ता होता. लोकांना विचारण्याआधी आपला फॉर्म आपण भरायचा, अगदी खरा भरायचा आणि पाकिटात बंद करून ठेवायचा. आपलं पारडं कुठे झुकतंय ते आपल्याला ठाऊक हवं, असं त्यांचं म्हणणं. ताईनेही भरला होता, आठ महिन्यांपूर्वी. मग गेल्या आठवड्यात गठ्ठा मोजला तर फॉर्म निघाले तीनशे नव्व्याण्णव. एका फॉर्मसाठी परत वर्ग गाठायचा, प्राध्यापकांच्या विनवण्या करायच्या... कोण करणार ती यातायात? तिने पाकीट फोडलं आणि आपलाच फॉर्म गठ्ठ्यात तळाशी सरकवला. सरकवताना वाचलासुद्धा नाही. बाईसाहेब घाईत होत्या!

"आता बास रे," ती म्हणाली. "उरलेले मी उद्या करते. तुझा घसा गेलाय."

"अगं, सातच तर राहिलेत."

"दे इकडे म्हणते ना!" तिने हात पुढे केला. टिल्लूला वाटलं ही चेष्टा करतेय. त्याने फॉर्म डोक्यावर उंच धरले. सहा फुटांचा माणूस, तिचा हात कसला पोहोचतोय! दोन उड्या मारून ती खाली बसली. जास्त ओढाताण केली असती तर त्याला संशय आला असता. मुकाट्याने टाइप करत राहण्याखेरीज तिच्या हातात काही उरलं नाही.

सहा फॉर्म झाले. सातवा टिल्लूने उचलला आणि एका सुरात वाचत सुटला. पाच, पाच, पाच, चार. ताई ऐकून ऐकून टाकत होती. अठरा, पाच. एकोणीस, दोन. तिच्या बोटाने दोन दाबलं. वीस, एकवीस, बावीस झाले.

"खाली लिहिलंय," असं म्हणून त्याने सवयीने आवाज चढवला. "'दुसऱ्याच्या घरी असेल तर मी टाळ्या वाजवीन. माझ्या घरी झालं तर आईकडे बघायची हिंमत मला होणार नाही. मी...'"

तो थांबला. चौथीपर्यंत त्याचा गृहपाठ ताईनेच तपासला होता. तिचं अक्षर त्याला कोणी ओळखून द्यायला नको होतं.

"'मी जाणार नाही,'" त्याने हळू आवाजात वाक्य पुरं केलं.

ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"केव्हाचा आहे?"

"आठ महिने झाले."

"तेव्हा तुला आमचं माहीत होतं?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. पण लहानपणापासून हा पोरगा तिचं खोटं पकडत आला होता. "हो," ती म्हणाली, "माहीत होतं."

टिल्लू रडला नाही, ओरडलाही नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फॉर्म गठ्ठ्यावर ठेवला, कडा जुळवल्या.

"आज भरायचा झाला तर, ताई? खरं सांग."

तिला पाच म्हणायचं होतं, जीव तोडून म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढे आई आली, ओट्याशी पाठमोरी उभी, काही न बोलणारी. बाबा आले.

"तीन," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तीन रे. मला खरंच सांगता येत नाही. तू हवायस मला, तुझं चांगलं व्हायला हवंय, पण त्या दिवशी माझे पाय उचलतील की नाही..."

"साक्षीदाराला तीन चालत नाही गं," टिल्लू म्हणाला. रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "राहू दे. मी दुसरं कोणी बघतो."

तेवढ्यात जिन्यावर धडाधड पावलं वाजली आणि दाढी आत शिरला. धापा टाकत होता, डोळे सुजलेले होते, तरी तोंडभर हसत होता. आल्या आल्या त्याने ताईचे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? सकाळी याचा फोन आला, ताई हो म्हणाली म्हणून. मग मलाही धीर आला. म्हटलं आता कशाला घाबरायचं? लगेच घरी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं."

"मग?" ताईने कसंबसं विचारलं.

"बाबा म्हणाले, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. आई तर फोनवर आलीच नाही." त्याने बाहीने नाक पुसलं. "असू दे. दोघांचं मिळून एक तरी घरचं माणूस आहे आमच्या बाजूला. तेवढ्यावर निभावून नेऊ."

ताईने टिल्लूकडे पाहिलं. तो खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होता. लावून झाला तरी तो लावतच राहिला.

"आहे ना ताई," तो मान वर न करता म्हणाला. "चल आता. तिला काम आहे."