शिंपीणकाकूंचा ‘स’

वृद्धाश्रमातल्या मावशींना भुताखेतांचं भय कधीच नव्हतं. उभा जन्म म्हाताऱ्यांची उस्तवार करण्यात गेलेला. भुतं बापडी काय घाबरवणार! पण त्या सकाळी सहा नंबरच्या खोलीतून शिंपीणकाकूंचा ‘स’ ऐकू आला आणि मावशींच्या हातातली बादली धाडकन खाली पडली.

काकूंना जाऊन आठ दिवस झाले होते. दातांनी दोरा तोडायची त्यांची खोड कवळी बसवल्यावरही गेली नव्हती. पुढच्या दाताला खाच पडली होती आणि प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजायची. अख्खा आश्रम हसायचा, त्याही हसायच्या.

खोलीत आता एकट्या बाई. शाळेत चाळीस वर्षं शिकवलेल्या, खणखणीत उच्चारांच्या. सोबतीण गेल्यापासून त्या ना धड बोलत होत्या, ना घासाला शिवत होत्या. दुःखच ते, असं सगळे म्हणत.

“सकाळ झाली का?” बाईंनी विचारलं. शिट्टी वाजली.

 मग मावशींचं डोकं चालायला लागलं, ते भुतापेक्षा वाईट. नावं डब्यांवर होती, कवळ्यांवर नव्हती. आणि वेळ वाचवायला मावशी सगळ्यांच्या कवळ्या एकाच टबात घासायच्या! काकू गेल्या त्या दिवशी तोंड बोळकं दिसू नये म्हणून मावशींनीच त्यांना कवळी घातली होती. बसता बसेना. अंग ताठलं असेल म्हणून अंगठ्याने रेटून बसवली होती. अगं बाई गं, ती यांची होती!

सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर बाई उपाशी मरणार.

“आ करा, बाई.”

हिरडी लालभडक, दोन्हीकडे फोड, एक फुटलेला. मावशींना रडूच कोसळलं. “माझ्या हातून घात झाला हो. ही कवळी तुमची नाहीच.”

“ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी टोचली.”

“मग बोलला का नाहीत? आठ दिवस पोटात अन्न नाही!”

“काढली की ती जाते गं,” बाई म्हणाल्या. “दुपारी दार लावून एकटीच बोलत बसते मी. सासू-सुनांच्या गोष्टी सांगते. त्यात ‘स’ भरपूर.”

मावशींनी डोळे पुसले, हात पुढे केला. “द्या इकडे. ऑफिसात सांगते, दातांच्या डॉक्टरांना बोलावते. नोकरी गेली तर गेली खड्ड्यात.”

बाईंनी तोंडावर हात दाबला. बोटांआडूनच म्हणाल्या, “आणि तिचं काय? तिच्या तोंडात माझी. तिकडे ती माझ्यासारखी बोलत असेल. नवरा आधीच गेलाय तिचा. तो तिला ओळखणार कसा?”

 मावशींना उपासाची भीती होती, नोकरीची होती. ही भीती त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती, आणि आता ती तिथून हलेना.

बाईंनी स्वतःच कवळी काढली, मावशींच्या तळव्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. कवळी अजून कोमट होती.