मानाचे हक्क

तनुजाला त्या शेअर फोल्डरची शिसारी बसली होती. नांदेड आणि लातूर, एकाच मालकाची दोन इस्पितळं. दोन्हीकडचे सर्व्हर जोडलेले, आणि रुग्णांच्या साऱ्या तपासण्या एकाच सामायिक साठ्यात. लातूरला बसून तो सांभाळायचं काम तिचं. पण उघडून पाहावं तर एक्स-रेच्या शेजारी बारशाचे फोटो, सोनोग्राफीच्या उरावर सत्काराचे व्हिडिओ. उकिरडा परवडला, त्याचं निदान खत तरी होतं.

फायली पुसायचा हक्क खरं तर तिच्या एकटीकडे हवा. पण इथे तोसुद्धा लग्नातल्या टॉवेल-टोपीसारखा वाटावा लागे. एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही, की रुसवा ठरलेला. लातूरचे व्यवस्थापक दयानंदराव तर मालकाचे मेहुणे. "मी काय परका हाय का?" असं त्यांनी विचारलं आणि तिने मुकाट्याने हक्क देऊन टाकला. पुढे बॅकअपची, म्हणजे जादा प्रती ठेवायची जागाही त्यांनी उद्घाटनांच्या व्हिडिओंसाठी बळकावली. तिने एकदा बोलून पाहिलं, मग नाद सोडला.

सोमवारी किल्लारीहून कोंडाबाई आल्या. छातीतल्या गाठीची तपासणी गेल्या वर्षी इथेच झालेली. हल्ली फिल्म हातात देत नाहीत, सगळं सर्व्हरवर. गाठ वाढली असेल तर कापायची, तेवढीच असेल तर राहू द्यायची, म्हणून डॉक्टरांनी जुने फोटो मागितले. तनुजाने फोल्डर उघडला. गेल्या वर्षीच्या तपासण्यांचा मागमूस नव्हता, आणि त्या जागी दयानंदरावांच्या भाच्याचं लग्न होतं.

दयानंदराव निवांत होते. "लातूरचं तेवढं पुसलं. नांदेडला एक कॉपी हायच की."

एका गोदामातली पोती उचलली म्हणून दुसऱ्यातली हलत नाहीत, असा त्यांचा हिशेब. साठा एकच आहे, इथे पुसलं की तिथलंही त्याच क्षणी जातं, हे तिने समजावून सांगितलं. त्यांनी पान चघळत ऐकून घेतलं, आणि बाईचा नवा फोटो फुकट काढून द्यायला सांगितलं. तनुजाला त्यांची किळस आली. त्यांना हक्क देणाऱ्या आपल्याच बोटांची त्याहून जास्त आली.

कोंडाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. जुने फोटो गेले, हे तनुजानेच त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच तिला सोसेना.

"मंग गाठ वाढली का न्हाई, हे आता कोन सांगंल?" त्यांनी विचारलं.

सांगणारं कुणीच नव्हतं. धोका नको म्हणून डॉक्टरांनी कापायचंच ठरवलं.

तनुजा जागेवर आली आणि तिने एकेक करून सगळ्यांचे हक्क काढून घेतले. दयानंदराव रुसले, आणि तासाभरात नांदेडहून मालकाचा फोन आला. कोंडाबाईंचं त्यांनी काही विचारलं नाही. मेहुण्यांचं नाव परत घाला, घरात उगीच वाईटपणा नको, एवढंच म्हणाले.

"घालते, साहेब," तनुजा म्हणाली. "आधी त्यांनी येऊन कोंडाबाईला सांगावं, गाठ वाढली होती का न्हाई."