मातीबाहेर हात नाही

पोरींच्या वर्गाचा निकाल तालमीच्या पंचांनी टीव्हीवर सोपवला होता. माधवीची मुलाखत बघायची. कुस्ती खेळणारी पोरगी चारचौघांत शोभते असं वाटलं तर वर्ग चालू, नाहीतर कुलूप. पोरांचा वर्ग आजोबांच्या काळापासून चालू आहे. तो शोभतो का, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

जांबोटीच्या माधवीला शरच्चंद्र सरांनी आठवडाभर घोटून घेतलं. सर तर्कशास्त्राचे प्राध्यापक आणि तालमीचे चिटणीस. जन्मात कुणाला साधा धक्का दिलेला नाही. "त्यानं काहीही विचारू दे, चिडायचं नाही. कुस्ती संयम शिकवते, हे दिसलं पाहिजे."

"व्हय सर."

बेळगावच्या वाहिनीच्या स्टुडिओत सर कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसले. निवेदक राघवेंद्र फार हसतमुख. त्याचा पहिलाच प्रश्न, सासूशी भांडण झालं तर कुठला डाव टाकणार?

माधवी शांतपणे म्हणाली, "तालमीत आधी डाव शिकवत न्हाईत. माती उकरायला लावत्यात. हळद, ताक, तेल घालून ती मऊ करायची. का? तर पडणाऱ्याला लागू नये. पाडायच्या आधी समोरच्याची काळजी घेणारा दुसरा खेळ सांगा मला."

सरांना वाटलं, वर्ग वाचला.

राघवेंद्र उठला आणि त्यानं तिचा कुस्तीत चुरगळून गड्ड्यासारखा झालेला कान धरून कॅमेऱ्याकडे ओढला. "असल्या कानात झुमका कोण घालणार, सांगा! राग आला? मग पाडा मला!"

"मातीबाहेर आमी हात उचलत न्हाय. कान सोडा."

त्यानं सोडला नाही. हसतच राहिला.

स्टूल आडवं झाल्याचा आवाज आला. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी निवेदकाची कॉलर धरली आणि थेट प्रक्षेपणात त्याच्या घराण्याचा उद्धार केला. माधवीनं सरांना मागून कवेत घेतलं, उचललं आणि कडेला ठेवलं. पाडलं नाही.

संध्याकाळी वाहिनीनं फक्त कॉलर दाखवली. खाली पट्टी: 'तालमीची गुंडगिरी'. सकाळी पंच आण्णाप्पांचा फोन. "सर, तुमी बरोबरच केलासा. आमी बी तेच केलं असतं. पन पोरींमुळं वातावरण तापतंय बघा. कुलूप घातलंय."

फोन ठेवतात तोवर माधवी बेळगावातल्या खासबागेत, सरांच्या घराच्या दारात उभी. हातात कुदळ, मागे वर्गातल्या पोरी, त्यांच्याकडे हळद आणि ताकाची कळशी.

"सर, कुस्ती माजी हुती. तुमाला मधे पडायला कुनी सांगितलं?"

"मला राहवलं नाही गं."

"मला ऱ्हावत हुतं व्हय? माजा कान हुता त्यो!"

ती तडक परसात गेली आणि गुलाबाच्या वाफ्यापाशी थांबली. सरांच्या पत्नी, पद्मजावहिनी, मागोमाग आल्या. त्यांनी गुलाबांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"खोरं न्हाणीमागं आहे," त्या माधवीला म्हणाल्या.

माधवीनं कुदळ सरांच्या हातात दिली. "राग आलाय न्हवं? खणा. खोल खणा."