पिवळी ओळ

गावच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर तुषारने बनवलं होतं, आणि पुण्याची नोकरी सांभाळून आपण पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावासाठी काहीतरी केलं, याचा त्याला मनातून मोठा तोरा होता. त्या सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज बांधायला घेतलं की स्क्रीनवर ओळींचा लोंढा सुटायचा. हे जोडलं, ते तपासलं, आणि मधूनच एखादी पिवळी ओळ इशारा देऊन वर सरकायची. त्या बडबडीने त्याचं डोकं उठे. शेवटी त्याने संगणकाला द्यायच्या आज्ञेपुढे ‘क्वाएट’, म्हणजे ‘गप’, एवढा एकच शब्द जोडून तिचं तोंड बंद केलं. मग पॅकेज गुपचूप तयार होऊ लागलं, आणि सगळं ठीक चाललंय असं त्याला खुशाल वाटू लागलं.

त्या सकाळी तो डेअरीत असतानाच भागिरथीकाकूंचं दूध परत गेलं. एकुलत्या गाईचं, घरापुरतं ठेवून उरलेलं जेमतेम लिटरभर दूध, यंत्राने त्याचं फॅट इतकं कमी दाखवलं की सचिव गोरक्षनाथने रांगेदेखत विचारलं, “काकू, पाणी घातलं का?”

“न्हाई रं बाबा. लेकरांची आण, थेंब न्हाई घातला.”

“बोला की. गप का?” गोरक्षनाथ काकूंना म्हणाला.

तुषारने दचकून वर पाहिलं. काकूंचा शब्द न् शब्द त्याला स्वच्छ ऐकू आला होता. त्या पुन्हा बोलल्या, मोठ्याने बोलल्या, आणि रांगेतल्या एकाचीही मान वळली नाही.

“गप हाय म्हंजी घातलंच,” मागून कुणीतरी म्हणालं.

घरी येऊन त्याने आज्ञेपुढचा ‘क्वाएट’ काढला आणि पॅकेज पुन्हा बांधलं. लोंढ्यात पिवळी ओळ आली: माप थोडं असेल तर दशांश गळतो. म्हणजे दूध थोडं असलं की फॅट कमीच दिसणार. इतके दिवस ती येतच राहिली असणार. आई जेवायला बोलावत होती, पण शरमेने त्याला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या सकाळी तो डेअरीत सगळ्यांपुढे उभा राहिला. “चूक माझी आहे. काकूंनी पाणी घातलं नव्हतं.”

गोरक्षनाथ यंत्र पुसत होता. “काय तुषार, कवाचा गप उभा हायेस? काय काम हुतं?”

तो पुन्हा बोलला. घसा फाटेस्तोवर ओरडला. किटल्यांची झाकणं वाजली, रांग पुढे सरकली.

भिंतीशी किटली धरून उभ्या असलेल्या काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली.

“ऐकलं रं म्या,” त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडेही कुणी वळून पाहिलं नाही.