क्लचची रिकामी चाल

माझे सासरे घोडागाडी हाकीत. माझ्या यजमानांनी आधी ट्रक चालवला, मग मोटार शिकवण्याची शाळा काढली. माझी लेक त्या शाळेचे ऑफिस सांभाळते. तिची मुलगी, आमची बारकी, शिकवायला बसू लागली तेव्हा घराण्याची विद्या योग्य हाती गेली असे मी मानले. म्हणूनच आता शाळा चालवणाऱ्या माझ्या थोरल्या मुलाने शिकाऊ मंडळींसमोर तिच्या हातून गाडीची किल्ली हिसकावून घेतल्याचे कळताच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काठी उचलून मी तडक शेडमध्ये गेले.

"क्लच प्लेट जाळली हिने," थोरला सर्वांना ऐकवत होता. "नवी टाकली, तर तिलाही जळका वास. बायकांना क्लचवर पाय ठेवून बसायची खोडच असते. उद्यापासून ही शिकवणार नाही. फळ्यावरचं नाव पुसून टाका."

"तुला जन्म दिला तीही बाईच आहे," मी म्हटले, "आणि तिला अजून धड ऐकू येतं. बोल पुढे."

शिकायला आलेला न्हावी फळा न्याहाळू लागला. शेजारची नर्स ओठ दाबून हसली.

बारकी रडली नाही. "मामा, पेडलला चालच उरलेली नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"उरेल कशी? मीच केबल आवळली. लोक म्हणतात पेडल ढिलं लागतं, गाडी जुनी दिसते. आता बघा कसं टणक झालंय!"

आणि हे तो अभिमानाने बोलला! यजमान रोज पहिल्या शिकवणीआधी गाडीच्या दारात गुडघा टेकून क्लचचे पेडल हाताने दाबत. दोन बोटे ते रिकामे गेले पाहिजे, जोर त्यानंतर लागला पाहिजे. ही रिकामी चाल नसेल तर पाय वर असतानाही क्लच पुरता पकडत नाही. प्लेट घसरत राहते आणि जळते. थोरल्याने हा रिवाज मोडला, कारण परक्यांसमोर गुडघा टेकणे त्याला कमीपणाचे वाटू लागले. पोट सुटले हे दुसरे कारण. ते तो सांगत नाही.

"गुडघा टेक," मी म्हटले.

"आई, अगं, लोकांसमोर?"

"पोरीला बोललास तेव्हा पडदा लावला होतास का?"

त्याने कण्हत गुडघा टेकला आणि पेडलवर हात ठेवला. ते बोटभरही हलण्याआधीच जोर लागला. कान लाल झाले, तरी उठताना पुटपुटलाच, "असेल जरा आवळ. पण गाडी चालवून घेत होती ती हीच ना?"

तेव्हा माझी लेक ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, आबांचा ट्रक तू भिंतीवर घातलास आणि मी म्हटलं, मीच घातला. ते तुला घराबाहेर काढतील म्हणून. माझ्या हातून स्टिअरिंग सुटलं ते तेव्हापासून. मी अंगावर घेतलं, माझी पोर घेणार नाही."

ती पडलेली भिंत मला आठवत होती. "पुन्हा चाकाला हात लावायचा नाही," ही यजमानांनी, म्हणजे पोरांच्या आबांनी, लेकीला दिलेली शिक्षाही आठवत होती. बाकीचे मी आज ऐकत होते. मी काठी जमिनीवर आपटली.

"खरं आहे?" मी विचारले.

थोरल्याने मान खाली घातली. "खरं आहे."

"मग फेड."

कसे, ते मी सांगितले नाही. एवढा मोठा घोडा झाल्यावर तेही मीच सांगायचे का? त्याने बॉनेट उघडले, लॉकनट सैल केला आणि केबलचा नट मागे फिरवू लागला. बारकी दारात गुडघ्यावर बसून पेडल दाबून पाहत होती.

"अजून, मामा. अजून थोडं. हां, बास!"

लॉकनट पुन्हा घट्ट करून, काळे हात न पुसताच, तो मंडळींकडे वळला.

"प्लेट मी जाळली. नवीही मीच जाळत होतो. पोरीचं नाव फळ्यावर राहील. आणि आबांचा ट्रक मी आदळला होता, माझ्या बहिणीने नाही. ती माझ्याहून चांगली चालवायची." मग चालकाच्या बाजूचे दार उघडून तो बहिणीला म्हणाला, "बस. आजची पहिली शिकवणी तुझी. ऑफिस मी बघतो, आजही आणि उद्याही."

"मला काही आठवत नाही रे आता!"

"मी आहे ना, आई," बारकी शेजारच्या आसनावर बसत म्हणाली. "क्लच पूर्ण दाब. आता हळूहळू सोड."

गाडीने एक गचका खाल्ला, मग सरळ फाटकाबाहेर गेली. ऑफिसात फोन वाजत होता. थोरला धावत गेला आणि त्याने तो उचलला.