खुर्चीतला सुभेदार

नेसरीच्या दादासो देसाईंना वयाच्या पन्नासाव्या वर्षी देशभक्तीचा झटका आला. झेडपीची निवडणूक तोंडावर होती, हा निव्वळ योगायोग. त्यांनी ट्रंक उपसली आणि तळाला आजोबांचा, ज्ञानू देसाईंचा, लढाईच्या काळातला फोटो सापडला.

फोटोत शिपाई दोन. एक खुर्चीत, छातीवर पदकं, मिशी अशी की बघणाऱ्यानं आपोआप सावधान व्हावं. दुसरा मागं उभा, काटकुळा, दोन्ही कान दरवाजे उघडे टाकल्यासारखे. आजोबा दादासोंच्या जन्माआधीच गेलेले, तरी आपला कोणता हे ठरवायला त्यांना क्षणही लागला नाही.

"खुर्चीतला. रक्त बोलतंय."

"रक्त बोलू दे, पर कान मागच्याचं हायती की तुमचं," बायको शालन म्हणाली. तिच्या मताला घरात होती तेवढीच किंमत मिळाली.

तरी जाणकाराचा शिक्का हवा म्हणून दादासो कळंब्याला संघप्रिया कांबळेंकडं गेले. या निवृत्त शिक्षिकेला जुन्या फोटोंतले सैनिक ओळखायचा नाद होता. स्वतःच्या आजोबांना शोधता शोधता लागलेला. त्यांनी भिंग लावून फोटो पाहिला, मग दादासोंनी सोबत आणलेला ज्ञानूंचा पेन्शनचा कागद वाचला.

"इथं 'ड्रायव्हर' लिहिलंय."

"बघा! जीप चालवत असणार!"

"खेचर. डोंगरात खेचरं हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणायचे. खुर्चीतल्याच्या खांद्यावर सुभेदाराची खूण आहे. तुमचे आजोबा मागचे."

दादासोंनी मोठ्या मनानं बाईंना चष्मा बदलायचा सल्ला दिला आणि थेट डिजिटल फलक छापणाऱ्याकडं गेले. चार दिवसांत नेसरीच्या स्टँडवर वीस फुटी सुभेदार उभा राहिला. रंगीत, गाल गुलाबी. मागचा माणूस कापून टाकला होता. त्या जागी हात जोडलेले दादासो.

फलकासमोर आजोबांच्या नावानं ठेवलेल्या सत्काराच्या दिवशी दादासोंचं भाषण रंगात आलं असताना गडहिंग्लजचे कामिल नदाफ, पेशानं शिंपी, हार घेऊन स्टेजवर चढले. ओळख ना पाळख, त्यांनी दादासोंना कडकडून मिठी मारली.

"आमच्या आजोबांचा एवढा मान आमी नातवांनी न्हाई केला, दादा! सुभेदार दिलदार नदाफांचा!"

त्यांनी पिशवीतून तोच फोटो काढला. फोटोच्या पाठीवर उर्दूत आणि मोडीत दोघांची नावं. मंडपात कुणीतरी खोकलं.

मग कामिलनी माईकच हातात घेतला. "ब्रह्मदेशात आजोबांच्या मांडीत गोळी शिरली. फौज पुढं गेली. ज्ञानू ड्रायव्हरनं खेचरावरचा दारूगोळा उतरवला, हुकूम मोडला, आजोबांना वर घातलं आन् चार दिवस चिखलातनं चालवत आणलं. त्यासाठी ज्ञानूची बढती गेली. ह्यो फोटो बरं झाल्यावरचा. आजोबा म्हणायचं, त्यो नसता तर आमचं घराणंच नसतं."

टाळ्या थांबेनात. दादासो आधी पांढरे पडले, मग पुढारी असल्यानं लगेच सावरले.

"म्हणूनच मी मुद्दाम दोस्ताचा फोटो मोठा लावला!" ते म्हणाले. "आमच्या घराण्यात मीपणा न्हाय!"

लोकांनी यालाही टाळ्या दिल्या. शालननं मात्र पदर तोंडाशी धरला.

मंडप रिकामा झाल्यावर दादासोंनी कामिलकडचा फोटो मागून घेतला आणि पहिल्यांदाच मागच्या माणसाकडं नीट पाहिलं. पायातले बूट फाटलेले होते. हात मात्र खुर्चीच्या पाठीवर, सुभेदार पडेल की काय अशी काळजी असल्यासारखा.

खिशात कार्यकर्त्याचा फोन वाजत होता. दादासोंनी तो बंद केला, कामिलसाठी खुर्ची ओढली.

"चार दिवस चालला म्हणता," ते हळूच म्हणाले. "मग खाल्लं काय ओ त्यानं?"