मामांचा आवाज

“एकच डायलॉग, मामा! फक्त एकच!”

चष्म्याच्या दुकानाच्या दारात त्या माणसाने बाबांची वाट अडवली होती. एका हाताने तो बायकोला पुढे ओढत होता, दुसऱ्या हातात फोन तयार होता. बाबांनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला, हात जोडले आणि फरशीकडे बघत म्हणाले, “आज नको. घसा बसलाय.”

घसा अजिबात बसलेला नव्हता.

“अहो, सिनेमात तर तोंडाचा पट्टा थांबत नाही तुमचा!” बायको हसत म्हणाली. बाबाही हसले, पण बोलले नाहीत. आम्ही गाडीपाशी पोचतोय तोच मागून ऐकू आलं, “माज आहे, दुसरं काय!”

गाडी मी चालवत होते. “एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं, बाबा?”

सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “त्याला मामा हवा होता. मी कुठून आणू?”

बाबांनी उभ्या आयुष्यात जवळजवळ एकच माणूस रंगवला. नावं आणि कपडे बदलायचे, माणूस तोच. सगळ्यांच्या घरात हक्काने शिरणारा, भांडणं मिटवणारा, रडणाऱ्या पोरीला छातीशी धरून पानभर बोलणारा मामा. अनोळखी माणसं रस्त्यात त्यांच्या गळ्यात पडत आणि मग एखाद्या बंद दुकानासमोर आल्यासारखी बावरत. मुलाखत घ्यायला आलेले पत्रकार घामाघूम होऊन परत जात आणि दुसऱ्या दिवशी ‘शिष्ट’ म्हणून छापत. घरी बाबा ‘हं’, ‘बरं’ आणि ‘जेवलीस?’ एवढ्यावर दिवस काढत.

“तुझे बाबा बोलायचे पैसे घेतात,” आई म्हणायची. “आपल्याशी फुकट कशाला बोलतील?”

त्या संध्याकाळी तिने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “नव्या चष्म्यातून तरी नीट दिसते का मी?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हं.”

आई चक्क लाजली. त्यांच्या ‘हं’चे सगळे प्रकार तिला पाठ होते.

मी माझ्या घरी निघाले तेव्हा बाबा नेहमीसारखे फाटकापर्यंत आले. मी आरशातून पाहिलं, गाडी वळेपर्यंत ते तिथेच होते. सकाळी आईचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

“जातानासुद्धा काही बोलले नाहीत गं,” ती म्हणाली.

दोन महिन्यांनी निर्मात्यांनी मला स्टुडिओत बोलावलं. मामांचे बहुतेक सगळे सिनेमे यांनीच काढलेले. लहानपणी मला खांद्यावर घेऊन सेटवर फिरवणारे काका. बाबांच्या शेवटच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं, आवाजाचं काम राहिलं होतं.

या सिनेमात बाबा पहिल्यांदाच मामा नव्हते. घड्याळं दुरुस्त करणारा एक विधुर होते. त्याची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दूर देशी निघते, एवढीच गोष्ट. ही भूमिका आली तेव्हा बाबा कित्येक दिवस कागद मांडीवर घेऊन बसून असायचे. “हा माणूस तर बोलतच नाही,” ते मला म्हणाले होते. “यात मी काय करायचं?”

“घरी करता तेच करा.”

“ते बघायला कोण येईल?”

त्यांच्या आवाजात भीती होती. मी ती आधी कधी ऐकली नव्हती. तरीही त्यांनी होकार दिला.

स्टुडिओची खोली लहान, भिंतींना आवाज शोषणारा फोम लावलेला. काका मला बघून उठले, जवळ घेतलं आणि लगेच खुर्चीत बसले, जणू उभं राहिलं तर रडू येईल.

“स्पष्टच बोलतो, बेटा. लोक तुझ्या बाबांना ऐकायला येतात, बघायला नाही. आणि या सिनेमात ते शेवटच्या सबंध प्रसंगात तोंडच उघडत नाहीत. थिएटरवाले घ्यायला तयार नाहीत. तिथे त्यांच्या मनातलं म्हणून चार वाक्यं टाकली, तर सिनेमा उभा राहील. पण आवाज दुसऱ्याचा, तेव्हा घरच्यांची परवानगी हवी.”

“आई काय म्हणाली?”

“म्हणाली, लेक ठरवेल. आणि वर म्हणाली, सिनेमात तरी मनातलं बोलतील मेले.” काका हसता हसता डोळे पुसायला लागले.

काचेपलीकडे एक गुबगुबीत गृहस्थ हेडफोन घालून उभे होते. समारंभांतून मामांची नक्कल करून पोट भरणारे नकलाकार. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. दिवे मंद झाले, पडदा उजळला. पहाट. मुलगी झोपलेली. बाबा दारात उभे. आणि खोलीत बाबांचा आवाज भरला.

“पोरी, उद्यापासून हे घर मला खायला उठेल. पण तू जा. तुझ्यासारखी लेक मिळाली, याहून मोठं मी काय मागू? मला बोलता येत नाही गं. पण तुझ्यावर माझा फार जीव आहे.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. लहानपणी थिएटरात बसून मी बाबांकडे कमी आणि त्यांनी छातीशी धरलेल्या मुलीकडे जास्त बघायची. ती सगळी वाक्यं तिला मिळायची. आता मधे कुणी नव्हतं.

“पुन्हा लावा,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा लावलं. मग मी आणखी एकदा लावायला लावलं. काकांनी माझ्या हातात रुमाल दिला. त्यांना वाटलं, झालं काम.

तेवढ्यात नकलाकार हेडफोन काढून काचेबाहेर आले.

“ताई, रागावू नका. मी एकदा तुमच्या घरी आलो होतो. म्हटलं, यांच्या आवाजावर चूल पेटते माझी, निदान विचारून तरी घ्यावं. सगळी नक्कल करून दाखवली. साहेब हाताची घडी घालून ऐकत होते. मी घामाने ओलाचिंब. शेवटी म्हणाले, ‘माझ्यापेक्षा तुम्ही चांगले मामा आहात.’ बस्स, एवढंच. मग फाटकापर्यंत सोडायला आले.”

“फाटकापर्यंत?”

“मी वळेपर्यंत उभे होते हो.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “आणि तो माणूस मामा नाही, ताई. चेहरा एकाचा आणि आवाज भलत्याचाच होतोय. तुम्ही सांगा घरी कसे बोलायचे ते, मी तसं बोलतो.”

“अहो, झालंय ते उत्तम झालंय,” काका कुरकुरले.

मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार? “ ‘हं’ म्हणायचे.”

“हं,” नकलाकार म्हणाले.

“नाही. असं नाही.”

“हं?”

“हे तर प्रश्न विचारल्यासारखं झालं.”

त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले. “हंऽ.”

“ही तर म्हैस,” रेकॉर्डिस्ट आपल्या यंत्रामागून म्हणाला आणि जीभ चावली. आधी मी हसले, मग नकलाकार, मग काकासुद्धा. पानंच्या पानं न अडखळता म्हणणाऱ्या त्या माणसाला एक ‘हं’ जमेना. बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसत होते.

“यांचा आवाज बंद करून प्रसंग दाखवता एकदा?” मी रेकॉर्डिस्टला विचारलं.

पुन्हा पहाट. आता फक्त खोलीतले आवाज होते. बाबांची पावलं, खुर्चीची करकर. त्यांनी मुलीच्या बॅगेची चेन ओढून पाहिली. खिडकीची कडी पाहिली. मग खाली बसले, तिचे बूट आपल्या बाहीने पुसले आणि दाराकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवले. हात बुटांवर तसाच राहिला.

“हे बूट लिहिलेले नव्हते,” काका हळूच म्हणाले. “ते त्यांनी आपणहून केलं.”

परीक्षेच्या दिवशी. नोकरीच्या पहिल्या दिवशी. लग्नानंतर त्यांच्या घरून निघताना, दर वेळी. माझ्या चपला पुसून, दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असायच्या. मी पाय सरकवायची, ‘येते’ म्हणायची आणि निघायची.

पडदा काळा झाला. नकलाकार भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“काका, आवाज नको,” मी म्हणाले. “मी सही करणार नाही.”

“आपटेल गं सिनेमा.”

“आपटेलही. पण हे बघायला कोण येईल असं बाबांनी मला विचारलं होतं. मला बघायचंय कोण येतं ते.”

काकांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, परत घातला. “मी तर येईन,” ते म्हणाले. “थिएटरवाल्यांच्या पाया पडावं लागेल. पडतो. तुझ्या बाबांच्या मामाने मला पुष्कळ दिलंय.”

“मी बायकापोरांना घेऊन येतो,” नकलाकार म्हणाले. “तिकीट काढून हं, फुकटात नाही.”

दोघं बोलत बोलत बाहेर गेले. रेकॉर्डिस्ट घुटमळला. “ताई, तो आवाज पुसण्याआधी... तुमच्यासाठी एक कॉपी देऊ करून?”

ती चार वाक्यं अजून कानात होती. हो म्हणणं फार सोपं होतं.

“नको,” मी म्हणाले. “पुसून टाका. फक्त तो प्रसंग परत एकदा लावा आणि मला जरा इथे बसू द्या.”

त्याने लावलं आणि दार ओढून घेतलं. बाबा पडद्यावर आले. बॅग पाहिली, कडी पाहिली, खाली बसले. बाहीने पुसून तो बूट त्यांनी आरशासारखा एकदा उजेडात धरला. त्या अंधाऱ्या खोलीत माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“मला ऐकू यायचं, बाबा. सगळं ऐकू यायचं.”